गणपतीच्या गोळ्या

"यांना हार्ट अटॅक आलाय," रत्नागिरीच्या डॉक्टरांनी ईसीजीची ती लांबलचक पट्टी बघत सांगितलं, आणि माझ्या सासूबाईंनी चटकन आपल्या मुलाच्या छातीवर हात ठेवला.

"सुऱ्या! रे सुऱ्या, तुला काय होतंय रे?"

हे बिचारे खाटेशेजारी उभे, धडधाकट. खाटेवर मी.

"अहो आजी, त्यांना नाही. बाईंना," डॉक्टर म्हणाले.

"हिला?" सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बायकांना खय अटॅक येतो?"

छातीवर कुणी पाटा ठेवून वरून वरवंटा फिरवावा तसं दुखत होतं, तरी मला हसू आलं. कारण माझ्या मनात अगदी तेच आलं होतं. अटॅक म्हणजे पुरुषांचा आजार, पोट सुटलेल्या आणि चिडक्या पुरुषांचा. चिडकी मी आहे, पण बाकी माझं काय चुकलं होतं?

मी नंदा. तेव्हा माझं वय चौतीस, साल दोन हजार दोन. रत्नागिरीत दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड. यांचं मोटारी दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, पाण्याच्या पंपांच्या मोटारी. मी घरी ब्लाऊज शिवते. ना शुगर, ना बीपी, ना मिसरी. हे लिहितेय ते अशा लोकांसाठी, ज्यांना डॉक्टर काहीतरी समजावून सांगतात आणि दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत सगळं डोक्यातून गेलेलं असतं. माझंही तसंच व्हायचं. अजूनही सगळं कळलंय असा माझा दावा नाही, कळलं तेवढं सांगते.

तर तो दिवस गौरीजेवणाचा. आमचं गावचं घर राजापूर तालुक्यात, नाटे गावाच्या अलीकडे. गणपतीला सगळे तिथे जमतात आणि सुना कामाला जुंपतात. मी सकाळपासून घावणे घालत होते. जबडा दुखायला लागला, मग डावा खांदा. मला वाटलं, दाढ असेल. मग एकदम दरदरून घाम सुटला.

"पित्त झाला असंल," सासूबाई म्हणाल्या. "जागरणा काय थोडी झाली!" त्यांनी आल्याचा रस दिला, मग कोकमाचं सरबत दिलं, मग पाठीला तेल चोळलं. मी ओकले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पित्त पडलं! पण मी उठून परत तव्याकडे गेले आणि तव्यासमोरच बसकण मारली. तेव्हा कुठे यांनी शेजारची जीप काढायला लावली.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, ती पुढे लागणार आहे. गणपतीच्या आधी आठवडाभरापासून मी रोज गोळ्या घेत होते. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. आमच्याकडे त्यांना गणपतीच्या गोळ्या म्हणतात. ऐन सणात बाहेर बसायची वेळ आली तर नैवेद्याला हात कुणी लावायचा? म्हणून श्रावण संपत आला की घराघरात ती पाकिटं येतात. उदबत्ती, कापूर, वाती आणि गणपतीच्या गोळ्या, एकाच पिशवीतून. कुणाला ते औषध वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

रत्नागिरीत मला स्ट्रेप्टोकायनेज नावाचं इंजेक्शन दिलं. म्हणजे हृदयाच्या शिरेत रक्ताची गाठ अडकलेली असते, ती विरघळवायचं औषध. शिरेतून थेंब थेंब सोडतात. डॉक्टर तरुण होते, प्रश्न विचारताना वर न बघता लिहीत होते.

"तंबाखू? मिसरी?"

"नाही."

"पाळणा लांबवायच्या गोळ्या?"

"नाही. माझं ऑपरेशन झालंय."

"दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत?"

"नाही हो, काहीसुद्धा नाही."

देवाशपथ सांगते, मी खोटं बोलले नाही. त्यांनी गोळ्या विचारल्या आणि माझ्या डोळ्यांपुढे डोकेदुखीच्या, तापाच्या, रक्तवाढीच्या गोळ्या आल्या. त्यांतली एकही मी घेत नव्हते.

दुखणं थांबलं. काही दिवसांनी मला मुंबईला नेलं, अँजिओग्राफी करायला. म्हणजे जांघेतून बारीक नळी घालून हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून रंग सोडतात आणि शिरा कुठे बुजल्यात ते पडद्यावर बघतात. मी जागी होते. पडद्यावर झाडाच्या डहाळ्यांसारखं काहीतरी हलत होतं. डॉक्टर एकमेकांत इंग्रजीत बोलले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमच्या शिरा अगदी स्वच्छ आहेत. एकही ब्लॉक नाही."

आता सांगा, यावर माणसानं रडावं की पेढे वाटावेत? शिरा स्वच्छ, मग गाठ आली कुठून? अटॅक आलाच नव्हता का? "आला होता," डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा थोडा भाग दुखावलाय. पण कारण शिरांमध्ये नाही. रक्तात बघायला हवं."

गावाला मात्र "शिरा स्वच्छ" एवढंच पोचलं. मी घरी आले तर चुलत सासू बघायला येऊन म्हणते कशी, "काय नाय ना झाला? मग बरा झाला. गवरीचा काम जीवावर येतंच माणसाच्या." माझ्या अंगाची नुसती लाही झाली. डॉक्टरांनी चिडायचं नाही असं बजावलेलं, नाहीतर त्या दिवशी अटॅक कुणाला आला असता सांगता येत नाही.

मुंबईत मला रक्ताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं होतं. हेमॅटॉलॉजिस्ट म्हणतात त्यांना. बाई पन्नाशीच्या, शांत, मराठी स्वच्छ. त्यांनी माझ्या छातीला हातही लावला नाही. विचारलं काय, तर घरात कोण कोण लवकर गेलं?

मी सांगितलं. आमचे बाबा अलोऱ्याला कोयना प्रकल्पात नोकरीला होते. कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये एका सकाळी चहा घ्यायला उठलेच नाहीत. वय बेचाळीस. त्यांची बहीण, म्हणजे माझी आत्या, बाळंतपणानंतर गेली. एक पाय भोपळ्यासारखा सुजला होता, आणि आठवड्याभरात न्हाणीतून येता येता पडली ती पडलीच. आमच्या आईनं हे दोन्ही मृत्यू एकाच शब्दात बसवलेले होते. दोष. "तुझ्या बापाच्या घराण्यात दोष आहे" हे वाक्य आम्ही दोघी बहिणी लहानपणापासून ऐकत आलो. दोष म्हणजे देवाचं काहीतरी राहिलंय, कुणीतरी बोललेला नवस फेडलेला नाही, घराची राखण करणारा देव, म्हणजे राखणदार, रागावलाय, असं. कोकणात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं आणि नळ्या भरभरून रक्त घेतलं. रिपोर्टला कित्येक आठवडे लागले. तोवर मी अॅस्पिरिन घ्यायची. ही रक्त पातळ करायची गोळी, असं सांगितलेलं. सासूबाईंना ते मुळीच पसंत नव्हतं. "रक्त घट असावा माणसाचा! पातळ करतात काय? दुधात पाणी घाल्तात तसा?" म्हणून एकीकडे डॉक्टर पातळ करायचे आणि दुसरीकडे सासूबाई बीट, खजूर आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण घालून घट्ट करायच्या. मधे मी.

रिपोर्ट आला. यांनी वाचला, "फॅक्टर व्ही लायडन, पॉझिटिव्ह." आणि खूश होऊन म्हणाले, "पॉझिटिव्ह आहे गं! म्हणजे चांगलंच ना?"

चांगलं कसलं! त्या वर्षांत रक्त पॉझिटिव्ह म्हटलं की लोकांच्या मनात एकच आजार यायचा. मी तो कागद शिवणाच्या मशीनखाली सरकवला आणि आम्ही मुंबई गाठली. आई पण आली अलोऱ्याहून, ऐकेचना.

डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितलं की ते व्ही नाही, रोमन आकड्यातला पाच आहे. फॅक्टर फाइव्ह. आणि लायडन हे परदेशातल्या एका गावाचं नाव, जिथे हे सापडलं. मग समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आपल्या रक्तात कितीतरी प्रोटीनं असतात. मला प्रोटीन म्हणजे डाळ आणि अंडी एवढंच ठाऊक. पण ही रक्तातली प्रोटीनं कामकरी असतात. बोट कापलं की काही जणं गाठ बांधतात, म्हणजे रक्त थांबतं. पाच नंबर हा गाठ बांधणाऱ्यांतला. काम झालं की दुसरं एक प्रोटीन येऊन त्याला पकडतं आणि कापून टाकतं, म्हणजे गाठ वाढत नाही. माझ्यात जन्मापासून पाच नंबरची घडण एका जागी बदललेली आहे. एकाच जागी. ब्लाऊजचा आकडा, म्हणजे हूक, शाबूत असतो पण समोरचं घर एक टाका बाजूला गेलेलं असतं, मग कितीही ओढा, आकडा बसत नाही, तसं. कापणारं प्रोटीन येतं, त्याला धरायची जागा सापडत नाही. गाठ बांधणं चालूच राहतं.

"पण मग मला रोज गाठी का होत नाहीत?" मी विचारलं.

"कारण हा एकटा बहुधा काही करत नाही. पुष्कळ माणसं हा घेऊन जन्मतात, म्हातारी होतात, त्यांना पत्ताही नसतो. त्याला सोबत लागते. तंबाखू, बाळंतपण, हॉर्मोनच्या गोळ्या, फार दिवस झोपून राहणं. पायाच्या शिरेत गाठ होण्याशी याचा संबंध पक्का आहे. हृदयाच्या झटक्याशी किती, यावर आम्हा डॉक्टरांतच एकमत नाही. तुमच्या बाबतीत सोबतीला काय होतं, ते मला सापडत नाहीये."

"म्हणजे अटॅक याच्यामुळे आला की नाही?"

"सांगता येत नाही."

एवढं शिकून सांगता येत नाही! मला इतका राग आला की विचारू नका. पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्याही नाराज दिसल्या. मग आईकडे वळून त्या सोप्या शब्दांत म्हणाल्या, "हा जन्मजात दोष आहे, आजी. घराण्यातून येतो. यांना वडिलांकडून आला असणार. दुसऱ्या मुलीलाही असू शकतो, तिचं रक्त तपासून घ्या."

झालं. आई खुर्चीत सरळ झाली. "मी काय सांगत होते?" तिनं आमच्या सगळ्यांकडे विजयानं पाहिलं. "एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई सुद्धा सांगतायत, घराण्यात दोष आहे!"

त्या दोषाचा आणि ह्या दोषाचा काही संबंध नाही, हे मी आईला येताना गाडीत चिपळूणपर्यंत समजावलं. ती हो हो म्हणाली आणि पुढच्याच आठवड्यात तिनं बाबांच्या मूळ गावी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गाऱ्हाणं म्हणजे ग्रामदेवतेपुढे गुरवाच्या तोंडून तक्रार मांडायची. गुरवानं नारळ हातात धरला आणि सुरू केलं, "ह्या लेकरांच्या घराण्यात जो काय दोष असंल, आडवा-उभा, कळता-नकळता, तो दूर कर रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "होय म्हाराजा!"

मी पण ओरडले. खरं सांगू? बरं वाटलं. महिनोन्महिने मला कुणी "सांगता येत नाही" सोडून काही सांगितलं नव्हतं. देवळाच्या पायरीवर बसून मी विचार करत होते की पाच नंबरचं प्रोटीन आणि बाबांचा राखणदार यांपैकी मी नक्की कुणाला भ्यायचं?

राहिली माझी धाकटी बहीण, रेखा. तिचं रक्त तपासायचं होतं. पण तिला स्थळं बघणं चालू होतं आणि आईनं ठणकावलं, "पोरीचं रक्त मुंबईला पाठवलंस तर बोभाटा होईल. पॉझिटिव्ह-बिझिटिव्ह आलं तर कोण करेल तिला? आणि आता काढलाय ना दोष? मग?" रेखाही आईच्या बाजूची. मे महिन्यात तिचं लग्न झालं, खेडजवळच्या गावात. मुलगा मुंबईला नोकरीला, सासू गावी, शेती-घर सांभाळणारी, मोठ्या आवाजाची बाई. लग्नाच्या बोलण्यात माझ्या अटॅकचा विषय कुणी काढला नाही, मला मांडवात जास्त धावपळ करू नको असं दबक्या आवाजात सांगितलं, एवढंच.

त्या वर्षी गौर पूर्वा नक्षत्रात येत होती. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला ओवसा तेव्हाच होतो. ओवसा म्हणजे सुपांत फळं, भाज्या, पानं भरून ती सुपं गौरीपुढे ओवाळायची आणि मग थोरामोठ्यांना द्यायची. गौर पूर्वेत आली नाही तर थांबा पुढच्या पूर्वेपर्यंत, एक वर्ष, दोन वर्षं. त्यामुळे नवी सून त्या दिवशी बाहेर बसलेली चालत नाही. रेखाचा फोन आला, नुसती चिवचिवत होती. "ताई, पाच सुपं सजवलीत! माझी तारीख अगदी त्याच दिवशी येतेय, पण सासूबाईंनी गोळ्या आणून ठेवल्यात." मी म्हटलं, "छान झालं." चक्क छान झालं म्हटलं मी.

दोन दिवसांनी माझी रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे तपासणी होती. सासूबाई सोबत आल्या, सणाच्या खरेदीची पिशवी मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी बीपी घेतलं आणि सवयीनं विचारलं, "अॅस्पिरिन सोडून दुसऱ्या काही गोळ्या?"

"नाही," मी म्हटलं.

"नाय नाय," सासूबाईंनी पिशवीवर थाप मारली. "आता तेवढ्या गणपतीच्या सुरू करायच्या. त्या काय औषध न्हवत."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच ते आमच्याकडे नीट बघत होते. "गणपतीच्या म्हणजे?"

सासूबाईंनी कापूर, वाती बाजूला सारून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी उलटून वाचलं. मग विचारलं, "गेल्या वर्षी पण घेतल्या होत्या?"

"दरवर्षाला घेते," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "माझी सून गवरीला कधी बाहेर बसलेली नाय."

"बाई, हे हॉर्मोन आहे."

माझ्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता. त्यांनी तिथूनच मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि मला ऐकू येईल असं बोलले. फोन ठेवून म्हणाले, "त्या विचारत होत्या ना, सोबतीला काय होतं? बहुधा हे. नक्की असं कुणीच म्हणणार नाही. पण तुमच्या रक्तात हे पुन्हा कधीही जायला नको. आणि तुमच्या बहिणीची तपासणी झाली का?"

रेखा! मी खुर्चीतून ताडकन उठले. सासूबाईंनी माझा दंड धरला, "काय झाला गो? काय झाला?"

बाहेरच्या बूथवरून खेडला फोन लावला, लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी गाडीत बसले. हे यायला निघाले तर मी म्हटलं, हे बायकांचं बोलणं आहे, तुम्ही नको. खेड स्टेशनला उतरेपर्यंत मी वाक्यं जुळवत होते. काय सांगायचं? खरं सांगितलं तर लग्नात लपवलं म्हणून पोरीला परत पाठवतील. नाही सांगितलं तर, आत्याचा तो सुजलेला पाय माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आणि कदाचित रेखात तसलं काही नसेलच, मग मी उगाचच तिचा संसार मोडून येणार. कुठूनही विचार केला तरी मीच वाईट. अशी माझी बुद्धी कधी फिरली नव्हती.

रेखाची सासू पडवीत बसली होती. भिंतीला ती पाच सुपं टेकवलेली, सूत गुंडाळून, हळदीकुंकू लावून. रेखानं पाणी आणलं. मी हळूच विचारलं, "गोळ्या सुरू केल्यास?"

"काल एक, आज एक."

मी पाण्याचा तांब्या तसाच ठेवला. "विहीणबाई, तिला ह्या गोळ्या देऊ नका."

"का गो?"

आणि सगळी जुळवलेली वाक्यं गेली वाऱ्यावर. माझा अटॅक, बाबा, आत्या, पाच नंबर, मुंबई, सगळं मी उलटसुलट सांगत सुटले, आणि शेवटी दुसरा शब्दच सुचेना म्हणून म्हटलं, "आमच्या घराण्यात दोष आहे."

रेखा दाराच्या आड गेली. तिच्या हुंदक्याचा आवाज आला.

"दोष? नि लगनात कोण बोल्ला नाय?"

"नाही बोललो."

"कसला दोष? देवाचा काय रक्ताचा?"

वर्षभरात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्या आईनं नाही, मी स्वतःलाही नाही.

"रक्ताचा," मी म्हटलं.

"मग रक्ताचा बोल ना बाय! माझा अर्धा जीव गेला!" ती उठली, आत गेली, भिंतीतल्या देवळीतलं पाकीट आणून माझ्या मांडीवर टाकलं. आणि मग तिचा आवाज चढला. "तुमी लपवलात! मी माझ्या हातान देत व्हते ह्या गोळ्या. काल दिली, आज दिली. पोरीला काय झाला असता तर? पाप कोनाच्या माथी बसला असता? माझ्याच ना? रक्ताचा दोष काय, माझ्या बापाला दम्याचा व्हता. पण माझ्या हातान माझ्या सुनेला..." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि रेखाला हाक मारली, "भायेर ये गो. रडतेस कशाला? चाय टाक बहिणीला."

मी मोठी तोंडाळ, पण त्या बाईसमोर माझी मान वर होईना. मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," आणि पुढे चहा होईपर्यंत पुन्हा तासली मला.

गोळ्या थांबल्या आणि ओवशाच्या दिवशी रेखा मागच्या खोलीत बसली. वाडीतल्या बायका विचारायला आल्या, नवी सून कुठाय, सुपं सजवलेली तशीच का? रेखानं आतून ऐकलं, सासू सगळ्यांना एकच सांगत होती, "औंदा आमच्या गवरीनच सांगितलान, पोरीला दमान घेऊ दे, फुडल्या पूर्वेला ये."

नंतर सासूच स्वतः रेखाला घेऊन मुंबईला गेली, रक्त द्यायला. रिपोर्ट पॉझिटिव्ह. तोच पाच नंबर. रेखाचा नवरा जरा गडबडला होता, पण आईपुढे त्याचं काय चालणार? वर्षाभरात रेखाला दिवस राहिले तेव्हा तिला पोटावर हेपारिनची इंजेक्शनं घ्यावी लागली, रोज, बाळंतपणानंतरही कितीतरी आठवडे. हेपारिन म्हणजे गाठ होऊ न देणारं औषध. रेखा स्वतः टोचायला शिकली. आमची आई तिकडे जाऊन राहिली होती. ती रोज सकाळी रेखाचे पाय मांडीवर घेऊन अंगठ्यानं दाबून बघायची, खड्डा पडतो का, सूज आहे का. आत्याच्या वेळी तिनंच त्या पायाला गरम विटेनं शेकलं होतं. दोषाचं नाव तिनं त्यानंतर माझ्यासमोर तरी काढलं नाही. रेखाला मुलगी झाली आणि पाय शेवटपर्यंत सडसडीत राहिले. पुढची पूर्वा दोन वर्षांनी आली, तेव्हा रेखानं पाच सुपं ओवाळली आणि लेक सासूच्या कडेवर होती.

त्या पोरीत पाच नंबर आहे की नाही, माहीत नाही. मोठी झाली की तपासू, असं ठरलंय. माझा अटॅक त्या प्रोटीनमुळे आला, गोळ्यांमुळे आला, की दोघांनी मिळून आणला, हे डॉक्टरीणबाईंना मी दर खेपेला विचारते. त्या दर खेपेला म्हणतात, बहुधा दोघांनी मिळून. "बहुधा" काही त्या सोडत नाहीत. पूर्वी मला त्याचा संताप यायचा. आता वाटतं, ज्या बाईनं बहुधा म्हणत म्हणत शोधणं सोडलं नाही, तिच्यामुळे माझी बहीण आज आहे. बहुधा.

एक मात्र बदललं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं. यंदा श्रावणाच्या शेवटी मी रत्नागिरीच्या डॉक्टरांकडे बाहेर बाकावर बसले होते. आत कुणी बाई होती, पाय दुखतो म्हणून आलेली. दार अर्धवट उघडं होतं.

"काही गोळ्या चालू आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय हो. काय पण नाय."

"आणि गणपतीच्या?"

मी बाकावरून पुढे वाकले.

"त्या होय?" ती बाई म्हणाली. "त्या घेत्येय की."